लस मी घेतली, अनसूयेने नाही

सोमवार, ४ ऑक्टोबर २०२१. सकाळी ८.१०

आजपासून लेखी नियोजन. तोंडी नियोजन या घरात कोणी ऐकत नाही.

ठराव : सहकुटुंब इंग्लंड. पाच जण. मी, सुधीर, मुलगा वरद, सून दीपाली, नातू अर्णव. पंधरा दिवस. विषय संपला.

खरं तर हा विषय एप्रिल २०२०मध्येच संपायचा. ३१ जानेवारी २०२०ला मी टेलिफोन खात्यातून स्वेच्छानिवृत्त झाले. छत्तीस वर्षं नोकरी. आधी ट्रंक बोर्डावर, मग सुपरवायझर. अर्ध्या भिवंडीला मी कुवेत, नैरोबी आणि लंडन जोडून दिलं. माझं ‘होल्ड द लाइन, प्लीज’ ऐकून लंडनच्या ऑपरेटरने एकदा विचारलं होतं, तुम्ही कुठल्या काउंटीतल्या? मी म्हटलं, ठाणे. स्वतः मात्र मी शिर्डीच्या पुढे गेलेले नाही.

निरोपसमारंभात ऑफिसने चाकांची लाल बॅग दिली. मी ती भरून हॉलमध्ये उभी केली आणि आठव्या आठवड्यात जग बंद झालं. वीस महिने झाले, ती तशीच भरलेली उभी आहे. सुधीर तिच्यावर पेपर ठेवतो. मी उचलून फेकते. बॅग रिकामी करणार नाही. बॅग रिकामी केली की माणूस हरला.

९.४०

पेपर वाचला. लशीचे दोन डोस घेतलेल्या भारतीयांनाही ब्रिटनमध्ये दहा दिवस कोंडून राहावं लागणार. म्हणे आपलं सर्टिफिकेट त्यांना चालत नाही. लस त्यांच्याच ऑक्सफर्डची. म्हणजे सुई टोचली, पण टोचली नाही.

हाय कमिशनला पत्र लिहिलं. दोन पानं, एकही खाडाखोड नाही. आमच्या कॉन्व्हेंटच्या हेडमिस्ट्रेस सिस्टर अ‍ॅग्नेस लँकेशायरच्या होत्या. त्यांना अभिमान वाटला असता. खाली ठसठशीत सही : आसावरी सुधीर कर्णिक. सुधीरला स्पीड पोस्ट करायला पिटाळलं.

शुक्रवार, ८ ऑक्टोबर

ब्रिटन नमलं! सोमवारपासून आपलं सर्टिफिकेट चालणार. माझं पत्र सोमवारी गेलं, त्यांचा निर्णय गुरुवारी झाला. सुधीर म्हणाला, पत्र अजून कल्याणच्या सॉर्टिंगमध्ये असेल. जन्मभर कोर्टात शिरस्तेदारी केलेला माणूस. पुरावा हातात पडेपर्यंत आनंद नाही.

वरद म्हणाला, आई, जरा बस, बोलायचंय. मी म्हटलं, आधी माझं ऐक. वीस डिसेंबरला निघायचं, नाताळ तिकडे. वरदने दीपालीकडे पाहिलं. दीपालीने फ्रीजकडे पाहिलं. दोघांचेही डोळे भरून आले होते. इतका आनंद मलाही अपेक्षित नव्हता.

मंगळवार, १२ ऑक्टोबर

धनेशच्या ऑफिसात गेले. कल्याण नाक्यावर त्याचं टूर्सचं दुकान आहे. वरदच्या वर्गात होता, गणितात कच्चा. आता जगाची तिकिटं काढतो.

त्याने माझे कागद टेबलावर मांडले आणि विचारलं, काकू, पासपोर्टवर अनसूया सुधीर कर्णिक, लशीच्या सर्टिफिकेटवर आसावरी सुधीर कर्णिक. या दोघी बहिणी का?

बहिणी नाहीत. दोन्ही मीच. हे प्रकरण १९८६च्या मे महिन्यातलं. लग्नात सासूबाईंनी ताटभर तांदूळ पसरले आणि सुधीरच्या हातात अंगठी देऊन त्यात माझं नवं नाव लिहायला लावलं : अनसूया. मला कोणी विचारलं नाही. आसावरी हे गाणाऱ्या बाईचं नाव वाटतं म्हणे. दुसऱ्या दिवशी मी त्याच तांदळाचा भात लावला आणि सगळ्यांना वाढला. नाव संपलं. सासूबाई म्हणाल्या, भात मोकळा झालाय.

पण ते संपलं नव्हतं. रेशन कार्डावर अनसूया बसली. ऑफिसच्या सर्व्हिस बुकात मी आसावरी राहिले. आधारचा फॉर्म सुधीरने भरला, समोर रेशन कार्ड ठेवून. पासपोर्ट एजंटाने काढला, समोर आधार ठेवून. लशीच्या रांगेत मात्र मी स्वतः उभी होते. मुद्दाम पॅन कार्ड पुढे केलं. नर्स म्हणाली, आसावरीताई, दंड सैल सोडा. काय बरं वाटलं!

खुद्द सुधीर मला पस्तीस वर्षं ‘अगं’ म्हणतो. आई आणि बायको अशा दोन पक्षकारांमध्ये बसून शिकलेली सावधगिरी.

धनेश म्हणाला, पोर्टलवर दुरुस्ती होते. एकदाच मिळते, पण दोन मिनिटांचं काम. एक ओटीपी येईल. पासपोर्टप्रमाणे अनसूया करून टाका.

मी म्हटलं, सुई माझ्या दंडात गेली. ताप मला आला, एकशे एक. तुझ्या अनसूयाबाई त्या दिवशी कुठे होत्या?

तो म्हणाला, काकू, इमिग्रेशनवाला ताप विचारत नाही.

उद्धट. गणितासारखाच संस्कारातही कच्चा.

ठराव : सर्टिफिकेट बदलणार नाही. पासपोर्ट बदलणार.

शुक्रवार, २२ ऑक्टोबर

पासपोर्टवरचं नाव बदलायला प्रतिज्ञापत्र आणि वर्तमानपत्रात जाहिरात लागते. ठीक. जाहिरात द्यायला गेले. तिथल्या माणसाने छापील नमुना पुढे केला : ‘मी, अनसूया सुधीर कर्णिक, यापुढे आसावरी या नावाने ओळखली जाईन.’

मी म्हटलं, यापुढे नाही, यापूर्वीपासून. तो म्हणाला, नमुना असाच आहे. मी म्हटलं, यावर सही केली तर आजवर मी अनसूया होते असं मीच कबूल केल्यासारखं होईल. तो म्हणाला, मॅडम, मागे लाइन लागलीय. मी म्हटलं, लागू दे, त्यांनाही ऐकू दे.

सही केली नाही. आले निघून.

सध्याची स्थिती : सर्टिफिकेट बदलायचं नाही, पासपोर्ट बदलता येत नाही. बाकी तयारी जोरात.

गुरुवार, २८ ऑक्टोबर

दीपाली इंग्रजीच्या परीक्षेचं जाडजूड पुस्तक घेऊन बसलेली दिसली. वरदकडेही तसलंच. विचारलं तर दीपाली चाचरत म्हणाली, आई, तिकडे जायचं तर लागतं. योग्य आहे. ब्रिटिशांनी वाट्टेल त्याला येऊ देऊ नये. मला आणि सुधीरला ही परीक्षा लागत नाही. मला कॉन्व्हेंटमुळे, सुधीरला माझ्यामुळे.

रोज चार ते पाच दोघांची शिकवणी घ्यायची ठरवली. दीपालीचा ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ एकच आहे. महिन्यात सरळ करते. दीपाली म्हणाली, तुम्ही इतकं करताय, मला कसंतरीच वाटतं. मी म्हटलं, मला तुझे उच्चार ऐकून वाटतं तसंच ना?

शुक्रवार, ५ नोव्हेंबर. पाडवा

सुधीरला ओवाळलं. ओवाळणीत त्याने लंडनचा नकाशा घातला. चार वर्षं जुना, पण भावना ताजी.

जेवताना वरद पुन्हा म्हणाला, आई, एक गोष्ट सांगायचीय. मी म्हटलं, पंधरा दिवस कमी पडतील हेच ना? मलाही तेच वाटतंय, एकवीस करू. त्याने पानातली करंजी मोडून मोडून चुरा केला. खाल्ली नाही.

अर्णवने विचारलं, आजी, तूपण येणार ना तिकडे? मी म्हटलं, अरे, मीच नेतेय सगळ्यांना. तो म्हणाला, मग माझी सायकल कोण नेणार? दीपालीने त्याला घाईने पाणी प्यायला लावलं. सात वर्षांचं पोर, सुट्टीला सायकल न्यायची म्हणतं. बापाने जग दाखवलं नाही की हे असं होतं.

मंगळवार, १६ नोव्हेंबर

वरद आणि दीपाली छातीचा एक्सरे काढून आले, अर्णवला नुसतं तपासून आणलं. व्हिसासाठी लागतो म्हणाले. आम्हा दोघांना लागत नाही. आमच्या फुप्फुसांवर ब्रिटिशांचा विश्वास दिसतो.

दोघांची इंग्रजीची परीक्षा झाली, चांगले मार्क पडले. दीपालीने वाकून नमस्कार केला आणि बराच वेळ उठलीच नाही. ‘व्ही’ सरळ झाल्याचा मला अभिमान आहे, पण इतकं काही नको.

शनिवार, २७ नोव्हेंबर

सरकारची घोषणा : १५ डिसेंबरपासून नेहमीची आंतरराष्ट्रीय विमानं सुरू. वीस तारखेचा माझा अंदाज सरकारने पाच दिवसांच्या फरकाने उचलला.

त्याच पानावर खाली नवा विषाणू. दक्षिण आफ्रिकेतला. नाव ग्रीक. दुर्लक्ष केलं.

गुरुवार, २ डिसेंबर

विमानं पुढे ढकलली. तारीख नंतर कळवू म्हणे. असं वाक्य मी ट्रंक बोर्डावर कधी वापरलं असतं तर मेमो मिळाला असता.

धनेशला फोन. तो म्हणाला, काही ठरावीक विमानं चालू आहेत, काकू. पण वर्तमानपत्रातली जाहिरात दिली का? फोन ठेवला.

रविवार, ५ डिसेंबर

नवा विषाणू राज्यात दाखल. कुठे? डोंबिवलीत. समुद्र ओलांडून, विमानतळांची तपासणी चुकवून, थेट आमच्या शेजारच्या खाडीपलीकडे. मी अठ्ठावन्न वर्षांत जे केलं नाही ते त्याने आठ दिवसांत केलं. त्याचे कागद कोणी पाहिले?

सुधीर म्हणाला, त्याचं नाव एकच आहे.

त्याला आज साधं वरण आणि भात.

मंगळवार, १४ डिसेंबर

पुतळाबाई वालाच्या शेंगा घेऊन आली. अंजूरची. वीस वर्षं भाजी देते. त्यांच्या शेतावर आता गोडाऊन उभं आहे, पोरगा गाडीने फिरतो, तरी ही टोपली सोडत नाही. म्हणे घरी बसून पाय आखडतात. आणि ही बाई दुबईला जाऊन आलीय! २०१९ साली. सगळं कुटुंब, बारा जण.

लाल बॅगेकडे बघून म्हणाली, ताई, अजून न्हाय उडली ही? मी तिला नावाचं प्रकरण सांगितलं. ती हसायला लागली. म्हणाली, त्यान काय हाय? माजाबी नाव लग्नान बदाललेला. माहेरची मी हिरू. ईमानवालीनं सीट नंबर इचारला, नाव न्हाय. खिडकीजवल बसलू नि गेलू.

मी म्हटलं, पुतळाबाई, तत्त्व म्हणून काही असतं. ती म्हणाली, असल. दुबयला न्हाय दिसला.

शेंगा किडक्या निघाल्या नाहीत, नाहीतर बोलले असते.

संध्याकाळी

दीपालीने स्कूटर विकली. नवी घेणार असेल. जुनीचं ब्रेक लागताना किंचाळणं मला कधीच पसंत नव्हतं.

सोमवार, ३ जानेवारी २०२२

कपाट आवरताना अर्णवचा शाळा सोडल्याचा दाखला सापडला. शाळा ऑनलाइन. घरबसल्या शाळेतून कोणी मुलाला काढतं?

दाखला टेबलावर ठेवला. वरद समोर बसला. या वेळी मी आधी बोलले नाही.

वरदने सांगितलं. कंपनी बदलली. मँचेस्टर. तिघांचा व्हिसा आला. तीन वर्षं, मग पुढचं पुढे. पाच फेब्रुवारीला निघायचं.

सुधीरला सप्टेंबरपासून माहीत होतं.

सोमवार, ३ जानेवारी. दुपारी ४

शिकवणीची वेळ झाली म्हणून टेबलाशी जाऊन बसले. मग लक्षात आलं, परीक्षा तर नोव्हेंबरातच झाली. आणि कशासाठी, तेही.

मंगळवार, ४ जानेवारी

रात्रभर विचार केला. घाबरण्याचं कारण नाही. प्लॅन रद्द झालेला नाही, त्याचे दोन टप्पे पडलेत. पहिल्या तुकडीत तिघं. दुसऱ्या तुकडीत आम्ही. पहिली तुकडी जागा बघून ठेवेल. व्यवस्थित नियोजन असंच असतं. मला याची कल्पना होतीच.

शिवाय मँचेस्टर लँकेशायरला लागूनच. सिस्टर अ‍ॅग्नेसच्या गावाकडे. हे सुचवलं कोणी? शेवटी मीच, पन्नास वर्षं त्यांचं नाव घेऊन.

वरदला एवढंच म्हटलं की, भिवंडीला लोक महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतात. एका मँचेस्टरमधून दुसऱ्या मँचेस्टरात जाण्यात फार प्रगती आहे असं मला वाटत नाही. तो म्हणाला, आई, मी चार वेळा सांगायचा प्रयत्न केला गं. मी म्हटलं, पाच वेळा करायचा.

सुधीरशी बोलणं बंद. आठवडाभर.

गुरुवार, ६ जानेवारी

सुधीरशी बोलावं लागलं. गॅस संपला होता.

रविवार, १६ जानेवारी

सगळीकडे पेशंट. वरदला वाटतं विमान रद्द होईल. काळजीने रोज नियम वाचतो. मीही वाचते, त्याच्यापेक्षा बारकाईने. एखादा कडक नियम निघाला तर काय काय होऊ शकतं, याचा फक्त अभ्यास म्हणून.

निघाला नाही. त्या लोकांना आता नियम करण्यातही रस उरलेला नाही.

शुक्रवार, ४ फेब्रुवारी

नव्या दोन बॅगा भरल्या. अर्णवचं सामान मावेना. पुस्तकं, क्रिकेटची बॅट, मी विणलेले तीन स्वेटर. दीपाली बॅगेवर बसली, चेन तुटली. सगळ्यांनी लाल बॅगेकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पंख्याकडे.

मी बॅग बेडरूममध्ये नेली. रिकामी केली नाही. फक्त आतलं बाहेर ठेवलं. दोन थर्मल, सुधीरची माकडटोपी, छत्री, दोन वर्षांपूर्वी मुदत संपलेलं मेतकूट, लंडनचा नकाशा. दहा मिनिटं लागली.

अर्णवने बॅगेच्या आतल्या कप्प्यात डोकं घातलं आणि म्हणाला, हिला आजीचा वास येतो. नॅप्थलिनच्या गोळ्या. काढू दिल्या नाहीत.

शनिवार, ५ फेब्रुवारी

कशेळीच्या पुलाआधी दीड तास ट्रकांच्या मागे. वरद घड्याळ बघत होता. दीपाली नखं खात होती. ड्रायव्हर म्हणत होता, रोज का नाटक है, साब. माझ्या मनात तेव्हा काय आलं ते लिहीत नाही.

वेळेत पोचलो.

दाराशी जवान. तिकीट असेल तोच आत. मी म्हटलं, मला फक्त काउंटरपर्यंत जायचंय. तो म्हणाला, टिकट? मी म्हटलं, दुसऱ्या तुकडीत आहे. त्याला हिंदीतूनही समजलं नाही.

अर्णव लाल बॅग ओढत गेला. बॅग त्याच्यापेक्षा उंच. काचेतून बराच वेळ बॅग दिसली, तो दिसला नाही. चाकं अजून उत्तम आहेत. दोन वर्षं न वापरल्याचा फायदा.

परत येताना सुधीर म्हणाला, अगं, रडतेस का? मी म्हटलं, मास्क टोचतोय.

बुधवार, २३ फेब्रुवारी

व्हिडिओ कॉल. तिकडे पाऊस, इकडे लाइट गेलेले. अर्णव म्हणाला, शाळेत मला आर्नी म्हणतात. मी म्हटलं, टीचरला सांग, मी चिठ्ठी लिहून देते. नाव म्हणजे काय वाटलं त्यांना? तो म्हणाला, नको आजी, मी ओ देतो. नाहीतर बॉल दुसऱ्याला देतात.

मग म्हणाला, बॅग इथे आली, तू कधी? वीस एप्रिलला माझा बर्थडे आहे. मी सगळ्यांना सांगितलंय की माझी आजी येणार आणि ती टीचरपेक्षा चांगलं इंग्लिश बोलते.

रेंज गेली असं सांगून फोन ठेवला.

मंगळवार, ८ मार्च

२७ मार्चपासून नेहमीची विमानं सुरू. या वेळी नक्की. धनेशने स्वतः फोन केला. म्हणाला, काकू, व्हिसाचा अर्ज आज टाकला तर एप्रिलच्या मध्यापर्यंत जमेल. फक्त ते सर्टिफिकेट. तपासणीत नाव जुळायलाच हवं. मी म्हटलं, नाव माझं आहे. तो म्हणाला, आहे ना, पण बर्थडे कोणाचा आहे?

गणितात सुधारलाय.

रविवार, १३ मार्च. दुपारी १२.२०

एक तांत्रिक निर्णय घेतला. तत्त्वाशी त्याचा संबंध नाही.

दीपालीला तिकडे फोन लावला. तिने इथला नंबर टाकून पोर्टल उघडलं. माझ्या मोबाइलवर ओटीपी आला. सहा आकडे. मी चार सांगितले आणि थांबले. दीपाली म्हणाली, आई, तुम्हाला नको असेल तर राहू दे. ही दुरुस्ती एकदाच होते, परत मागे जाता येत नाही. मी म्हटलं, उरलेले दोन लिहून घे, आणि ‘व्हेरिफाय’ नीट म्हण.

ती म्हणाली. ‘व्ही’ निर्दोष.

सर्टिफिकेट आलं. अनसूया सुधीर कर्णिक, दोन्ही डोस पूर्ण, अभिनंदन. छत्तीस वर्षांनी बाईंनी घरासाठी काहीतरी केलं.

सासूबाईंच्या फोटोवरची धूळ पुसली. फोटो तिरका होता, सरळ केला. त्या हसत नव्हत्या. फोटो स्टुडिओतला आहे, तेव्हा कोणी हसत नसे. तरी मी परत तिरका केला.

सुधीर दारात उभा होता. म्हणाला, अंगठी आईने हातात दिली म्हणून लिहिलं. मला आसावरी आवडायचं.

छत्तीस वर्षांनी पुरावा दाखल करतोय. मुदत टळून गेल्यावर. कोर्टात राहून हे शिकला नाही.

मंगळवार, १५ मार्च. सकाळी ७.३०

पेपर आला.

शुक्रवारपासून ब्रिटनने प्रवासाचे सगळे निर्बंध उठवले. टेस्ट नाही, फॉर्म नाही. लस घेतली का, हे कोणी विचारणार नाही. सर्टिफिकेट कोणी बघणार नाही. कोणत्याही नावाचं.

दोनदा वाचलं. सुधीरने एकदा वाचलं, घडी घातली आणि सवयीने लाल बॅगेवर ठेवायला गेला. पेपर जमिनीवर पडला.

८.१५

पोर्टलवर पाहिलं. दुरुस्तीची संधी वापरून झालेली आहे.

१०.००

हाय कमिशनला पत्र लिहिलं. दोन पानं, एकही खाडाखोड नाही. निर्बंध इतक्या घाईने उठवणं बेजबाबदारपणाचं आहे, काही नागरिकांनी आपली कागदपत्रं मोठी किंमत देऊन तयार ठेवलेली आहेत, त्यांचा विचार करून सर्टिफिकेट तपासणी किमान वीस एप्रिलपर्यंत पुन्हा सुरू करावी, अशी मागणी केली. माझ्या आधीच्या पत्राचा हवाला दिला. ते त्यांनी तीन दिवसांत मनावर घेतलं होतं.

स्पीड पोस्ट करायला सुधीरला पिटाळलं. पत्रासोबत पासपोर्टची झेरॉक्स जोडायची असल्याने सही त्याप्रमाणे केली.